घरी लघवी तपासायचं ड्रग टेस्ट किट: घ्यावं का?

पाच-सहा पट्ट्यांची ही कार्डं आता सहज मिळतात. मुलगा रात्र रात्र जागतो, पैसे कुठे जातात कळत नाही, म्हणून घरचे मागवतात. कार्ड म्हणून वस्तू चांगली आहे. घोटाळा होतो तो निकाल वाचताना, आणि त्याहून जास्त अपेक्षेत.

पाकीट तपासणीच्या वेळीच फाडा. दमट झालेली पट्टी फुकट. बहुतेक कार्डं बाणाच्या रेघेपर्यंत 10-15 सेकंद उभी बुडवून मग आडवी ठेवायची असतात. निकाल 5 मिनिटांनी वाचायचा. 10 मिनिटांनंतर जे दिसेल ते धरायचं नाही.

प्रेग्नन्सी टेस्टच्या सवयीने लोक दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्ह समजतात. इथे नेमकं उलट आहे. 'सी' (कंट्रोल, म्हणजे कार्ड चालतंय याची खूण) आणि 'टी' (टेस्ट, म्हणजे तपासणीची) दोन्ही रेघा उमटल्या तर निगेटिव्ह, मग 'टी' कितीही फिकट असो. 'टी' उमटलीच नाही तर पॉझिटिव्ह. 'सी' नसेल तर कार्डच बाद. पट्टीवरच्या अँटीबॉडी मोजक्या असतात. लघवीतल्या पदार्थाने त्या आधीच अडकवल्या की रेघ उमटवायला काही उरत नाही. फिकट रेघेवरून घरात उगाच रणकंदन होतं.

गांजाची पट्टी साधारण 50 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरला पॉझिटिव्ह होते. क्वचित ओढणाऱ्यात तीनेक दिवस, रोज ओढणाऱ्यात सोडल्यावरही महिनाभर. म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी खरोखर सोडलेला मुलगा कार्डावर खोटारडा ठरू शकतो. कोकेन, अँफेटामाइन ही उत्तेजकं मात्र दोन-चार दिवसांत निसटतात.

काय सापडत नाही, हे पाकिटावर ठळक छापत नाहीत. थिनर-व्हाइटनर हुंगलेलं दिसत नाही. सिंथेटिक गांजा गांजाच्या पट्टीत येत नाही. ट्रॅमाडॉल, फेंटानिल ही वेदनाशामकं साध्या मॉर्फिनच्या पट्टीत येत नाहीत. उलट सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन अँफेटामाइनची पट्टी फसवू शकतं, आणि कोडीनचं खोकल्याचं औषध मॉर्फिनची पट्टी पॉझिटिव्ह करतं. पॉझिटिव्ह आलं की प्रयोगशाळेत जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस या पदार्थ नेमका ओळखणाऱ्या तपासणीने खात्री करायलाच हवी. नमुना बदलल्याची शंका असेल तर थर्मामीटरची पट्टी असलेला कप घ्या: ताजी लघवी 4 मिनिटांच्या आत 32 ते 38 अंश सेल्सिअस दाखवते. भरपूर पाणी पिऊन पातळ केलेला नमुना मात्र हा कप पकडत नाही.

आणि 'का' हे कुठलंच कार्ड सांगत नाही. समजा अँफेटामाइन आणि बेंझोडायझेपाइन (झोपेच्या, चिंतेच्या गोळ्यांचा गट), दोन्ही पट्ट्या पॉझिटिव्ह आल्या. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं असू शकतात. किंवा शहरी तरुणांत दिसणारा फेरा असू शकतो: परीक्षेसाठी नाहीतर रात्रपाळीसाठी जागायला उत्तेजक, मग मेंदू थांबेना म्हणून झोपेची गोळी, सकाळी सुस्ती, म्हणून पुन्हा उत्तेजक. मुळाशी निदान न झालेली चिंता, नैराश्य किंवा एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा विकार) असेल, एकटी खोली असेल, नाहीतर 'घेत नाही' म्हटलं की बाहेर पडावं लागेल असा ग्रुप असेल. प्रत्येकाचा उपाय वेगळा. अशा वेळी गोळ्या हिसकावून एकदम बंद करू नका; सवय झालेल्या बेंझोडायझेपाइन अचानक थांबवल्या तर झटके येऊ शकतात. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

यापेक्षा बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलची नशेची सवय चाचपणारी फुकटची क्राफ्ट (CRAFFT) प्रश्नावली उपयोगी. 12 ते 21 वयासाठी सहा प्रश्न. त्यातले दोन थेट कारणाशी जातात: बरं वाटावं किंवा चारचौघांत सामावून जावं म्हणून घेतोस का? एकटा असताना घेतोस का? दोन किंवा जास्त 'हो' आले तर पुढची तपासणी करायची. मात्र प्रश्न आईवडिलांसमोर विचारू नयेत, कुणी खरं बोलत नाही.

उपचार सुरू असतील आणि त्या मुलाची संमती असेल तर किट जरूर घ्या. सोडल्याचा पुरावा त्यालाही हवा असतो. झोपेतून उठवून तपासायला मात्र घेऊ नका. पुढच्या वेळी तो कार्डात न सापडणारं काहीतरी शोधेल. बारा पट्ट्यांच्या महागड्या कार्डाची गरज नसते. ज्याचा संशय आहे ती पट्टी त्यात आहे ना, एवढं पाहून घ्या.