अल्फाफोल्ड आठ महिने वापरल्यावर: १७५ व्या जागेची तक्रार

गेल्या महिन्यात आमच्या एम.एस्सी.च्या एका विद्यार्थ्याच्या प्रकल्प-अहवालातला मुख्य निष्कर्ष खोडावा लागला. त्या निष्कर्षाखाली मार्गदर्शक म्हणून माझी सही होती, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

मी बेळगावात जैवतंत्रज्ञान शिकवतो. प्रथिनांचे स्फटिक करून क्ष-किरणांनी त्यांचा आकार शोधण्याची सोय आमच्या महाविद्यालयात नाही आणि इतक्यात होईल असेही वाटत नाही. अशा ठिकाणी अल्फाफोल्ड या प्रथिनांच्या आकाराचा अंदाज बांधणाऱ्या संगणक-कार्यक्रमामुळे २० कोटींहून अधिक प्रथिनांचे अंदाजित आकार विनामूल्य पाहायला मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे, आणि डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना या कामासाठी २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले याचा मला मनापासून आनंद आहे. पैशांबद्दल एवढेच सांगतो, की शहरातल्या एका खासगी संस्थेने दोन दिवसांच्या कार्यशाळेसाठी माझ्याकडून अडीच हजार रुपये घेतले आणि जे फुकट उघडते तेच उघडून दाखवले. कोणीही असे पैसे भरू नयेत.

पहिले दोन महिने माझे मत चांगले नव्हते, आणि त्याला कारण होता केशरी रंग. कर्करोगाशी निगडित असलेले पी५३ हे ३९३ अमिनो आम्लांचे प्रथिन उघडले, की डीएनएला धरणारा मधला भाग निळा आणि नेटका दिसतो, तर दोन्ही टोकांना केशरी-पिवळे धागे कसेही लोंबत असतात. गडद निळा म्हणजे विश्वासांक, म्हणजे अंदाजाच्या खात्रीचे शंभरपैकी गुण, ९० च्या वर, केशरी म्हणजे ५० च्या खाली. इथे संगणकाला जमलेले नाही, असे मी वर्गात सांगून मोकळा झालो होतो. वडगावच्या विणकर घरातली एक विद्यार्थिनी मात्र पडद्याजवळ वाकून बराच वेळ ते टोक फिरवून पाहत राहिली आणि म्हणाली, "सर, पदराच्या दशा मुद्दाम सुट्या सोडतात, तसंच आहे नव्हे हे?" तिचे बरोबर होते. पी५३ ची टोके एकटी असताना ठरावीक घडी घेतच नाहीत. दुसरे प्रथिन येऊन बिलगले, की त्यांतला काही भाग आकार धरतो. कमी विश्वासांक हा पुष्कळदा अशा सुट्या भागाची खूण असतो, हे कळल्यावर केशरी रंगाविषयीची तक्रार मी मागे घेतली.

पी५३ मधल्या १७५ व्या जागेची तक्रार मात्र कायम आहे. या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडिन आले, तर शेजारच्या जस्ताच्या अणूवरची पकड सुटते आणि मधली घडी ढिली पडते. कर्करोगाच्या अनेक गाठींमध्ये हे म्युटेशन, म्हणजे हा बदल, सापडतो. आमच्या विद्यार्थ्याने अमिनो आम्लांचे मूळ आणि बदललेला असे दोन्ही क्रम कोलॅबफोल्डवर, म्हणजे अल्फाफोल्ड चालवण्याच्या ऑनलाइन सोयीवर, चालवले. पावसात दोनदा वीज गेली आणि दोन्ही वेळा सगळे पहिल्यापासून करावे लागले. शेवटी दोन्ही चित्रे एकमेकांवर ठेवली, तर ती तंतोतंत जुळली. "रचनेवर परिणाम नाही," असे त्याने लिहिले आणि मी सही केली. विभागातल्या ज्येष्ठ मॅडमनी अहवाल वाचताना त्याच ओळीवर बोट ठेवले.

अल्फाफोल्ड घडीच्या मजबुतीचा हिशेब करत नाही. तो त्या प्रथिनाच्या नातेवाइकांचे असंख्य क्रम एकाखाली एक मांडतो, कोणत्या जागा जोडीने बदलत आल्या ते पाहतो आणि ज्ञात रचनांवरून जे शिकला आहे त्याच्या आधारे आकार सांगतो. एका अक्षराने, म्हणजे एका अमिनो आम्लाच्या बदलाने, ते नातेवाईक बदलत नाहीत, म्हणून घराण्याचाच आकार परत येतो. शिवाय आम्ही वापरलेल्या आवृत्तीत जस्त धरलेलेच नसते. म्युटेशनच्या परिणामांसाठी ही पद्धत पडताळलेली नाही, असे कर्त्यांनी प्रश्नोत्तरांच्या पानावर स्पष्ट लिहिले आहे. पण ते पान मी सही केल्यानंतर वाचले. माझे आग्रहाचे म्हणणे आहे, की हे वाक्य प्रत्येक चित्राला लागून मोठ्या अक्षरांत हवे, कारण आमच्यासारख्या महाविद्यालयांतली मुले बहुधा म्युटेशनचाच प्रकल्प घेऊन येतात. २०२३ मध्ये आलेले अल्फामिसेन्स हे साधन एका अक्षराच्या बदलाला धोक्याचे गुण देते, परंतु बदललेला आकार तेही दाखवत नाही.

विद्यार्थी आता ते गुण आणि प्रसिद्ध झालेली प्रायोगिक माहिती घेऊन ते प्रकरण पुन्हा लिहीत आहे. अल्फाफोल्ड आम्ही रोज वापरतोच, फक्त प्रयोगशाळेतल्या संगणकाच्या वर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत एक कागद चिकटवला आहे: "म्युटेशनचा निष्कर्ष या चित्रावरून लिहू नये."