गॅझेटिअर, विश्वकोश, इयरबुक की पंचांग? कोकणातल्या वाचनालयाने काय घ्यावं

गावच्या वाचनालयासाठी 'जिल्ह्याची माहिती' असलेलं पुस्तक मागितलं, की दुकानदार हमखास स्पर्धा परीक्षेचं इयरबुक पुढे करतो. स्वस्त, मराठीत आणि यंदाचं. परीक्षा देणारी मुलं असतील तर जरूर घ्या. पण देवळाच्या स्मरणिकेसाठी गावाचा इतिहास लिहायला बसलात, तर त्यातून एक परिच्छेदही निघायचा नाही. तालुके, नद्या, घाट, अभयारण्यं पाठांतराला सोयीची मांडलेली, बस्स. वर्ष उलटलं की रद्दी.

खरी निवड आहे ती दोन गॅझेटिअरांत, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथांत. जुनं मुंबई इलाख्याचं: रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा, कुलाबा (आजचा रायगड)-जंजिऱ्याचा १८८३ चा. नवं राज्य सरकारचं: रत्नागिरी १९६२, कुलाबा १९६४. दोन्ही इंग्रजीत, त्यामुळे वाचून सांगणारं कुणीतरी हाताशी हवं. जुन्याची गंमत अशी, की साहेबाला साऱ्याची वसुली करायची होती, म्हणून त्याने खोती (खोतामार्फत सारा गोळा करायची पद्धत), जमिनीचे प्रकार, पिकं, बंदरांतला व्यापार सगळं खोदून खोदून विचारलं. मालवण, वेंगुर्ला, विजयदुर्ग ही बंदरं तेव्हा काय होती हे तिथेच कळतं. जातींवरची विधानं मात्र साहेबी नजरेतली आहेत. ती स्मरणिकेत जशीच्या तशी उतरवली तर गावात भांडणं लागतील. नव्या खंडात खोती कायद्याने गेलेली आहे (तो कायदा १९४९ चा), आणि कोकण रेल्वे अर्थातच कुठे नाही, ती पूर्ण झाली १९९८ मध्ये.

शोधताना ग्यानबाची मेख इथे आहे: सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला, तेव्हा त्या नावाचा भाग दोन्हींत सापडणार नाही. १८८० च्या खंडात मालवण, देवगडवाल्यांनी रत्नागिरीच्या भागात बघायचं. कुडाळ, बांदावाल्यांनी सावंतवाडी संस्थानाच्या, कारण ती गावं संस्थानात होती. मुरूडकरांनी १८८३ च्या खंडातल्या जंजिऱ्यात, पालघरकरांनी ठाण्याच्या खंडात.

एकच वाचायचं तर मी १९६२ चं सांगेन. गाव बंदराचं किंवा किल्ल्याचं असेल तर मात्र १८८० चं आधी. राज्याच्या दर्शनिका (म्हणजे गॅझेटिअर) विभागाने हे खंड संगणकावर वाचायला दिलेत, त्यामुळे वाचनालयाचे पैसे तिथे घालू नका. आपल्या तालुक्याची पानं छापून बांधून घ्या.

मराठी विश्वकोश भाषेला उत्तम आणि नेमका, पण त्याचे खंड अकारविल्हे निघाले. पहिला १९७६ चा, शेवटचे कित्येक वर्षांनी. म्हणून दोन जिल्ह्यांच्या नोंदींतले आकडे एकमेकांशी ताडू नयेत. आकड्यांसाठी जनगणनेची जिल्हा पुस्तिका घ्यावी. रूक्ष आहे, पण गाववार आहे. २०११ ला रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या. चाकरमानी मुंबईला, घर-शेत बायकांच्या अंगावर, हे त्या एका आकड्यात दिसतं.

राहिलं पंचांग. लोक त्याला संदर्भग्रंथ मानत नाहीत, पण किनाऱ्यावर रोज उघडलं जातं ते हेच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, शुद्ध पक्ष असो वा वद्य. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे सकाळी नऊला ओहोटी, आणि तेव्हा अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढ-उतार सगळ्यात कमी. हा अंदाज झाला, मिनिटाचा हिशोब नव्हे; होडी काढायची किंवा किल्ल्यात मुलांची सहल न्यायची असेल तर बंदरखात्याचं भरती-ओहोटीचं वेळापत्रकच बघा. ते वाचनालयाच्या दारावर लावलंत, तर पुस्तक न उघडणारेही आत डोकावतील.