163 की 203? लांब कार्व्हिंग स्नोबोर्ड घेण्याआधीचा हिशेब

माझा भाचा ऐरोलीला एका आयटी कंपनीत आहे. नोव्हेंबरात कंपनी त्याला म्युनिकला पाठवतेय, दोन वर्षांसाठी. म्हणजे हातात दोन अख्खे हिवाळे. परवा ऑफिस सुटल्यावर ट्रान्स-हार्बर लोकल पकडून ठाण्याला आला आणि चपला काढायच्या आधीच मोबाइलवरची जाहिरात पुढे केली. स्नोबोर्डची, म्हणजे बर्फाच्या उतारावर उभ्याने घसरत जायच्या फळीची. "मामा, बघ. 203 सेंटिमीटर, सेकंड हँड, निम्म्या भावात. घेऊ?"

मला विचारायचं कारण आमच्या बेडरूममधल्या कपाटामागे उभं आहे. ऑस्ट्रियात साल्झबुर्गला नोकरीत पाच हिवाळे काढले, तेव्हाचे दोन अल्पाइन स्नोबोर्ड. एक 163 सेंमी, साइडकटची, म्हणजे बाजूच्या आत वळलेल्या कडेची, त्रिज्या 10 मीटर. दुसरा 203 सेंमी, त्रिज्या 22 मीटर. पहिला सोसायटीच्या लिफ्टमध्ये सरळ उभा राहतो. दुसरा तिरका धरावा लागतो, आणि मग लिफ्टमध्ये मी आणि तो, तिसरं कुणी मावत नाही.

भाच्याने आजवर गुलमर्गला भाड्याचा बोर्ड आणि मऊ बूट घालून सहा दिवस काढलेत. तो बोर्ड वेगळा, हा वेगळा. अल्पाइन बोर्ड कमरेत 18 ते 21 सेंमी इतका अरुंद असतो. त्यावर स्कीच्या बुटांसारखे कडक बूट आणि धातूची प्लेट बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला जखडणाऱ्या पकडी, लागतात, आणि बुटांची टोकं बाहेर येऊन बर्फाला घासू नयेत म्हणून दोन्ही पाय 55 ते 65 अंशांनी बोर्डाच्या नाकाकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, वळवून बांधतात. हा बोर्ड घसरवायचा नसतो. कडेवर उभा करायचा, म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंतची सगळी पोलादी कड एकाच चरातून जाते. हे खरं कार्व्हिंग. साधलं की मागे पेन्सिलीच्या रेघेसारखी खूण उरते, नाही साधलं तर झाडू फिरवल्यासारखी.

आता त्रिज्येचं. बोर्ड बाजूने आत वळलेला असतो. ती गोलाई पूर्ण केली तर जे वर्तुळ होईल त्याची त्रिज्या म्हणजे बोर्डावर लिहिलेला आकडा. बर्फावर वळण मात्र त्याहून लहान होतं, कारण कललेला बोर्ड वाकतो. ढोबळ नियम असा, की छापील त्रिज्या गुणिले कलाच्या कोनाचा कोसाइन. 45 अंशांना 10 मीटरचे 7 होतात, 22 चे साडेपंधरा.

हे कागदावर त्याच्या डोळ्यांसमोर येईना, म्हणून रविवारी सकाळी त्याला सेंट्रल मैदानावर नेलं. सोबत कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी. मी मध्ये उभा, तो दोरी ताणून भोवती चालतोय. सात मीटरचं अर्धं वर्तुळ एका कोपऱ्यात आरामात बसलं. दोरी साडेपंधरा मीटर सोडली तर तो एका सामन्याच्या पॉइंटवरून निघून दुसऱ्या सामन्याच्या स्क्वेअर लेगला जाऊन उभा. "ओ दादा, बाजूला व्हा ना!" बोलर थांबलेला. क्रिकेटची खेळपट्टी 20.12 मीटर. माझ्या 203 ला एक वळण घ्यायला दीड खेळपट्टी रुंदी लागते, 163 ला पाऊण खेळपट्टीसुद्धा नाही.

आणि वेग? अंगही बोर्डाइतकंच कललं आहे असं धरलं, तर वेगाचा वर्ग म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले साइडकटची त्रिज्या गुणिले कलाच्या कोनाचा साइन. उताराचा चढउतार, गुडघ्यातून केलेली दुमड यांनी आकडे मागेपुढे होतात, पण तुलनेला एवढं पुरतं. खाली मधला एक बोर्डही धरलाय. साल्झबुर्गच्या एका सहकाऱ्याचा, मी एक अख्खा सीझन वापरलेला.

| | 163 सेंमी | 175 सेंमी | 203 सेंमी |
|---|---|---|---|
| साइडकटची त्रिज्या | 10 मी. | 13 मी. | 22 मी. |
| 45 अंशांवर लागणारा वेग | 30 किमी/तास | 34 किमी/तास | 44 किमी/तास |
| अर्धवर्तुळाची रुंदी | 14 मी. | 18 मी. | 31 मी. |
| एका वळणाला वेळ | 2.7 सेकंद | 3 सेकंद | 4 सेकंद |

तक्त्यातली वेगाची ओळ नीट बघा. 44 हा 203 चा कमाल वेग नाही, 45 अंशांवर झुकायची ती किंमत आहे. त्याहून हळू गेलात तर इतकं झुकता येत नाही, आतल्या बाजूला पडाल. मग माणूस काय करतो? बोर्ड थोडासाच कलवतो, वळण मोठं होत जातं, वेग वाढत जातो, शेवटी घाबरून शेपूट घसरवतो. माझा पहिला अर्धा दिवस असाच गेला. चेअरलिफ्टमधून खाली बघितलं, तर सगळीकडे माझ्याच झाडूच्या खुणा.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. लांब बोर्डावर पायांवर जास्त जोर येतो असं वाटतं, ते खरं नाही. जोर कोनावर ठरतो. 45 अंशांवर वजनाच्या 1.4 पट, मग बोर्ड कुठलाही असो. माझं वजन 74 किलो, म्हणजे दोन्हींवर साधारण 105 किलो पेलायचे. फरक इतकाच, की 163 वर ते पावणेतीन सेकंद पेलायचे आणि 203 वर चार. त्या सव्वा सेकंदात मांडी पेटते. आणि पडलात तर मात्र हिशेब सरळ आहे. त्याच कोनावर 203 चा वेग जास्त, अंगातली ऊर्जा 2.2 पट. त्रिज्यांच्या प्रमाणात, अगदी तितकीच.

तरीही मी तो विकला नाही, त्याचं कारण सांगतो. ऑस्ट्रियातल्याच फ्लाखाऊला जानेवारीतली सकाळ, साडेआठची पहिली लिफ्ट, रात्रभर मशीन फिरवून ठेवलेला रुंद उतार आणि पुढे कुणी नाही. बोर्ड सपाट असताना खालच्या बारीक सरींवरून पत्र्यावर हातगाडी ओढल्यासारखा आवाज येतो. कडेवर घेतला की तो बंद. फक्त एक बारीक सर्रर्र, आणि नितंब बर्फापासून वीतभर. पहिल्या सेकंदात वळण सुरू होतं, दुसऱ्यात झुकणं पुरं होतं, आणि पुढचे दोन सेकंद काहीही करायचं नसतं. 163 वर ते रिकामे सेकंद मिळतच नाहीत. तिथे एक वळण संपायच्या आत दुसऱ्याची तयारी. मजा दोन्हीत आहे, पण जात वेगळी. एक तबल्याचा द्रुत, दुसरा विलंबित.

लांब बोर्डाचा दुसरा फायदा असा, की कड लांब असल्याने वजन जास्त लांबीवर वाटलं जातं आणि बारीकसारीक खाचखळग्यांवरून तो थरथरत नाही. चांगल्या रेस बोर्डांत टायटॅनलचे पत्रे असतात, ते थरथर आणखी मारतात. नावाला फसू नका, टायटॅनल हा मुळात अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू आहे.

भाच्याचं म्हणणं, "ऑलिम्पिकवाले लांबच वापरतात ना?" त्याने चेक खेळाडू एस्टर लेडेत्स्काचे व्हिडिओ पाहिलेत. 2018 ला प्योंगचांगमध्ये तिने स्कीवर सुपर-जी आणि बोर्डावर पॅरलल जायंट स्लॅलम (दोघं शेजारी-शेजारी वळणं घेत उतरतात ती शर्यत), दोन्हींत सुवर्ण घेतलं. पण बोर्डाच्या त्या शर्यतीत दारं, म्हणजे ज्यांना वळसा घालायचा त्या खुणा, 20 ते 27 मीटरवर असतात आणि पुरुषही साधारण 185 सेंमीच्या आसपासचे बोर्ड वापरतात. 203 हा शर्यतीचा बोर्ड नव्हेच. तो रिकाम्या उतारावर एकट्याने मोठी वळणं घ्यायला केलेला आहे. ऑर्केस्ट्रात न बसणारं वाद्य म्हणा.

आता त्रास. एका डोंगराकडून दुसऱ्याकडे जाणारे जंगलातले जोडरस्ते चार-पाच मीटर रुंद असतात. तिथे 203 म्हणजे राम मारुती रोडवर टीएमटीची बस. वेग कमी करायला शेपूट झटकन आडवी करावी लागते आणि एवढ्या लांबीची ती झटकन होत नाही. माझा बोर्ड अशाच एका रस्त्यावर कडेच्या बर्फाच्या भिंतीत नाकाने घुसला. मला काही झालं नाही, बोर्डाला झालं. ते पुढे येतंच. टी-बारवर, म्हणजे उभ्यानेच वर ओढत नेणाऱ्या लिफ्टवर, एक पाय मोकळा आणि दुसऱ्याला बांधलेली दोन मीटरची फळी, ही शिक्षा वेगळी. दुपारी अकरानंतर उतारावर गर्दी होते, तेव्हा 203 बाजूला ठेवायचा हे मी पहिल्याच महिन्यात ठरवलं. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचा नियम आहे, की मागून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही असा मार्ग निवडायचा. बरोबर आहे, पण मोठं वळण पुरं करताना बोर्ड थोडा वरच्या दिशेने चढतो, आणि वर चढणाऱ्याने वर-खाली बघून जायचं हाही नियमच आहे. दीड खेळपट्टी रुंदीचा माणूस मागच्याला कळत नाही. प्रत्येक वळणाआधी खांद्यावरून मागे बघायची सवय लागली नाही तर लांब बोर्ड घेऊच नये.

163 बद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. तो सगळीकडे चालतो, लगेच वळतो, चूक केली की लगेच सांगतो. ताशी 40 किमीच्या पुढे नाक फडफडायला लागतं. बस.

मधला 175 हाच खरं तर बहुतेकांचा बोर्ड, आणि तरी तो कुणाच्या स्वप्नात येत नाही. 34 किमीला पूर्ण झुकतो, 18 मीटरचा उतार पुरतो, दुपारच्या ढेकळांतही चालतो.

हे सगळं ऑस्ट्रियातलं. इथून वर्षाला आठवडाभर जाणाऱ्यांनी लांब बोर्डाचा विचार सोडावा. गुलमर्गला अफरवात डोंगरावरचा ताजा भुसभुशीत बर्फ हीच खरी चैन, त्यात अरुंद अल्पाइन बोर्ड रुतून बसतो. दुबईच्या मॉलमधला सर्वात लांब उतार 400 मीटर आहे. 203 ला वेग धरेपर्यंतच त्यातला बराच संपेल.

सेकंड हँडच घ्यायचा तर पाहणी अशी करा. बोर्ड सपाट लादीवर ठेवायचा, मग उचलून एका टोकाकडून डोळ्याच्या रेषेत बघायचा, सुतार फळी बघतो तसा. साध्या फायबरच्या बोर्डाला धक्का बसला तर तो मोडतो नाहीतर परत सरळ होतो. टायटॅनलवाला मुडपला तर मुडपलेलाच राहतो. माझ्या 203 ला पुढच्या बाइंडिंगच्या पुढे अशी एक घडी आहे, त्या भिंतीची आठवण. बोटाने कळते, फोटोत कळत नाही. त्यामुळे फोटो बघून पैसे पाठवू नका. निम्मा भाव बहुतेक वेळा अशाच घडीचा असतो. पैसे टाकायचेच तर आधी बुटांवर. कडक बूट आणि बाइंडिंग तीनही बोर्डांना तीच चालतात, आणि बूट चावत असेल तर त्रिज्या कितीही असो, दहाला तुम्ही कॅफेत बसलेले असता.

परत आल्यावर ठाण्यात सांभाळणं हा निराळाच विषय. पहिल्या पावसाळ्यात मी दोन्ही बोर्ड जुन्या चादरीत गुंडाळून ठेवले. जुलैत उघडतो तर चादरीवर दोन समांतर नारिंगी रेघा. चादरीने दमट हवा धरून ठेवली आणि कडा गंजल्या. तासभर पॉलिश पेपर घासला तेव्हा पोलाद दिसलं. आता मे महिन्याच्या शेवटी गच्चीवर जुन्या इस्त्रीने मेण वितळवून तळावर आणि कडांवर जाड थर देतो आणि खरवडत नाही, तसाच ठेवतो. गुंडाळत तर मुळीच नाही. 163 ला एक वडी पुरते, 203 ला सव्वा.

भाच्याला मी सांगितलं, पहिल्या हिवाळ्यात 170 ते 175 मधला काहीतरी घे, त्रिज्या 11 ते 13. चेअरलिफ्टमधून आपल्या खुणा बघत राहा. दिवसभरात दहातल्या आठ वळणांची रेघ बारीक दिसली, आणि शनिवारी पहाटे पाचला उठून म्युनिकहून निघायचा उत्साह फेब्रुवारीतही टिकला, तर दुसऱ्या हिवाळ्यात लांबवाल्याकडे बघ. नऊच्या आत उतारावर पोचत नसशील तर नको. गर्दीत तो वापरता येत नाही, मग भिंतीला टेकून राहतो. माझा राहिलाच ना.

त्याने ऐकलं असावं. ती जाहिरात बंद केली. मग कपाटामागून माझा 203 काढला, हॉलमध्ये उभा केला, नाकाकडून डोळा मिचकावून बघितला, बोट फिरवत घडी शोधली. "मामा, पुढच्या वर्षी हाच नेला तर?"

ताई सोफ्यावर भेंडी चिरत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आणि एअरपोर्टपर्यंत रिक्षात कोण धरून बसणार ते?"