गॅरेजमध्ये गाडी कधीच बिघडत नव्हती

जुलैतला रविवार होता, कोल्हापूरहून गगनबावड्याला निघालो होतो. कळे गाव मागं पडलं आणि पाऊस वाढला, म्हणून हेडलाइट लावले, वायपर फुल्ल केले. एका खड्ड्यात चाक आपटलं आणि वायपर काचेच्या मध्यावर येऊन रेंगाळले. बॅटरीचा लाल दिवा लागला, पाठोपाठ स्टेअरिंगचा पिवळा, आणि वळणावर स्टेअरिंग एकदम जड झालं. चार-पाच सेकंद गेले असतील. मग जणू काही झालंच नाही. बायकोनं विचारलं, "अहो, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." हे खोटं होतं, हात थरथरत होते.

सोमवारी गाडी गॅरेजला नेली. शहरातलंच आहे, नाव लिहीत नाही. गाडी दहा वर्षं जुनी, पेट्रोलवरची. मिस्त्रीनं दहा वेळा स्टार्ट केली, दहाही वेळा चोख. "बॅटरी उतरलीय साहेब, दुसरं काही नाही." ५,४०० रुपये. आठ दिवस गाडी छान चालली, मग रंकाळ्याच्या कडेनं जाताना एका स्पीडब्रेकरवर पुन्हा तेच.

दुसऱ्या खेपेला त्यानं इंजिन चालू असतानाच बॅटरीचं टर्मिनल काढलं. इंजिन बंद पडलं. "बघा, डायनॅमो मेलाय!" डायनॅमो म्हणजे अल्टरनेटर, इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो. मला वाटलं, पक्का माणूस आहे. आता कळतं की हल्लीच्या गाडीत ही तपासणी करणं म्हणजेच गुन्हा आहे. टर्मिनल अचानक सुटलं की अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर उसळतो आणि चांगला इसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, मरू शकतो. नव्या डायनॅमोचे ९,८०० दिले. बारा दिवस शांततेत गेले.

तिसऱ्यांदा त्यानं स्कॅनर लावला आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली: पी ०५६२. "इसीएम गेलाय. नवा घ्याल तर लई पैसे जातील, रिपेअर करून देतो." १३,५०० रुपये. त्या स्क्रीनचा फोटो तेवढा मी काढून ठेवला होता. घरी येऊन शोधलं, तर त्या कोडचा अर्थ एवढाच, की गाडीतला व्होल्टेज कमी झाला होता. कशामुळं, ते कोड सांगत नाही. स्कॅनरवर कोड बघितला की आपण गप्प बसतो, नेमकं तिथंच फसतो.

प्रत्येक खेपेनंतर गाडी काही दिवस बरी का चालायची, हे कोडं मात्र सुटत नव्हतं. त्यामुळंच तर माझा विश्वास टिकला होता.

इसीएमचे पैसे देऊन सहाव्या दिवशी पुन्हा दिवा लागला, तेव्हा गॅरेजला गेलो नाही. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर आणला, २५० रुपयांचा. इंजिन चालू असताना तो साधारण १३.८ ते १४.४ दाखवायला हवा. गाडी मी चालवायचो, बायको शेजारी वही घेऊन. वेळ, ठिकाण, लाइट चालू की बंद, आकडा पडला तेव्हा गाडी काय करत होती. हे काम एकट्यानं करू नका, मीटरकडं बघत गाडी चालवणं म्हणजे अपघाताला बोलावणं. बालिंग्याच्या रस्त्यावर तिचा आवाज आला, "चौदा पॉइंट एक, चौदा पॉइंट एक... अहो, बारा पॉइंट दोन!" आणि लगेच परत चौदा.

चार दिवसांत नऊ नोंदी झाल्या. ती वही घेऊन शिवाजी उद्यमनगरातल्या एका वयस्कर वायरमनकाकांकडं गेलो. त्यांनी आधी बॉनेट उघडलंच नाही. चष्मा लावून वही वाचली आणि म्हणाले, "खड्ड्यात पडतंय, आणि पहिल्या गिअरला क्लच सोडताना पण पडतंय? म्हणजे इंजिन हललं की पडतंय की ओ."

मग इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. काकांच्या मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. दोन्हींतला फरक ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत हवा. आकडा ०.०८ होता. काकांनी एक लाकडी पट्टी घेऊन बॅटरीखालची वेणीसारखी पट्टी हलवली आणि आकडा १.९ वर गेला. ती इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी. बोल्ट काढला तर खाली हिरवी बुरशी, आणि तिच्याही खाली पांढरा रंग! वर्षापूर्वी डेंटिंग-पेंटिंग केलं होतं, तेव्हा पेंटरनं अर्थिंगच्या जागेवरच रंग मारला होता, आणि रंगातून वीज जात नाही. बॅटरी, डायनॅमो काढताना ही पट्टी हलायची, तात्पुरती टेकायची आणि गाडी आठवडाभर बरी व्हायची. कोडं सुटलं.

पॉलिश पेपरनं जागा घासली, नवी पट्टी टाकली. मजुरीसकट ३५० रुपये, पाऊण तासाचं काम.

काका तेवढ्यावर थांबले नाहीत. "हा डायनॅमो नवा म्हणता?" चंदेरी रंग लखलखत होता. त्यांनी स्क्रूड्रायव्हरनं एका फटीत खरवडलं, तर आतून वाळलेलं काळं तेल निघालं. दोन वर्षांपूर्वी माझ्या इंजिनच्या झाकणातून तेल गळायचं, ते नेमकं त्याच बाजूला. माझाच डायनॅमो, धुऊन स्प्रे मारलेला. इसीएमच्या ब्रॅकेटवर तर कोळिष्टक अखंड होतं. त्याच्या बोल्टला पाना लागलेलाच नव्हता.

परत त्या गॅरेजला गेलो. म्हटलं, माझा जुना डायनॅमो दाखवा. "भंगारात गेला साहेब." नव्याचा खोका? "तो पण." इसीएम कुठं रिपेअर केला? "बाहेर देतो आम्ही." आवाज न चढवता बोलत होता, वर चहा मागवला. मी प्यायलो नाही, एवढाच माझा निषेध.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. पलीकडच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पक्कं बिल आहे का?" जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही, हेही नंतर समजलं. माझ्याकडं आहे तो कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाचा चतकोर. त्यावर ना गॅरेजचं नाव, ना गाडीचा नंबर, ना सही. फक्त निळ्या पेनानं लिहिलंय: "बॅ. + डा. + इसीएम = २८,७०० मिळाले."