सेलूच्या लाईटवर आठ महिने : माझा ६५० वॅटचा एसएमपीएस

नोव्हेंबरात नवा पीसी असेंबल केला. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅट, कार्ड ११५, बाकी सगळं मिळून ५० धरा. एसएमपीएस म्हणजे घरची वीज पीसीला लागते तशी करून देणारा डबा. दुकानदार ८५० वॅटच्या डब्याचा आग्रह करत होता. खरं तर ५५० पुरला असता, पुढं मोठं कार्ड टाकता यावं म्हणून ६५० घेतला. ८० प्लस गोल्ड (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा, ब्राँझ त्याच्या खालचा), वायरी सुट्या होणारा.

पण आपल्याकडं वॅटच्या आधी स्टिकरवरचं इनपुट वाचा. तिथं १००-२४० व्होल्ट हवं. स्वस्तातल्या बऱ्याच मालावर २००-२४० असतं. हरभऱ्या-गव्हाला पाणी सुरू झालं की आमच्या डीपीवर मोटारींचा ताण येतो आणि संध्याकाळी मीटर १७५ दाखवतो. पंखा रखडतो, पीसी मात्र कमी व्होल्टेजनं एकदाही बंद पडला नाही.

बंद पडला तो जुन्या यूपीएसमुळं. रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाईल बनणं) चालू असताना लाईट गेली की पीसीही जायचा. अशा एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (लाईनमधून वीज नीट ओढणारं सर्किट) असतं आणि स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह काहींना झेपत नाही. शेवटी पीसी घरच्या प्युअर साइन वेव्ह (लाईटसारखीच गुळगुळीत वेव्ह देणाऱ्या) इन्व्हर्टरवर घेतला आणि मागचा खटका ‘यूपीएस’वर केला. साध्या मोडवर इन्व्हर्टर लाईट बदलायला जास्त वेळ घेतो, आणि एसएमपीएस पूर्ण लोडवर जेमतेम १२ ते १७ मिलिसेकंद तग धरतो. त्यानंतर एकही रेंडर वाया गेलं नाही.

जानेवारीत आई कॅबिनेट पुसताना ओरडली, “करंट मारतोय रे!” मी एसएमपीएस परत करायला निघालो होतो. वायरमन म्हणाले, “थांबा, आधी अर्थिंग बघू.” कॅबिनेट आणि जमिनीत ११० व्होल्ट निघाले. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून बॉडीला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर बॉडीवर २३० च्या निम्मे व्होल्ट दिसतात. आमच्या जुन्या घरात सॉकेटची तिसरी पिन कुठंच जोडलेली नव्हती! खड्डा घेऊन कोळसा, मीठ, प्लेट टाकली, कॅबिनेटला लागणारा करंट गेला. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, तेव्हा खड्ड्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओततो. एसएमपीएस कितीही भारी आणा, हे आधी करा.

गोल्डचे जास्तीचे पैसे मला पटले. २५० वॅट ओढताना गोल्डमध्ये साधारण २८ वॅट उष्णतेत जातात, ब्राँझमध्ये ४४. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत हा फरक लहान नाही. तेव्हा फॅनचा आवाज वाढतो, एरवी ऐकूही येत नाही.

परवा दुसरी हार्डडिस्क लावताना मित्राच्या एसएमपीएसची जादा वायर हाताशी होती. लावली नाही. प्लग बसतो, पण एसएमपीएसकडच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असू शकते आणि डिस्क जळू शकते. चार वर्षांची लग्नं आहेत तिच्यावर, लोकांची.