पायलट पोरानं संघटनेची वर्गणी भरावी का?

संक्रांतीला शेजारचा पोरगा घरी आला. गोंदियाजवळ बिरसीला विमान उडवायचं शिकला, आता एका खासगी कंपनीत को-पायलट आहे. बापानं त्याच्यापायी संत्र्याचा बगीचा विकला. तिळगूळ हातात घेऊन ओट्यावर बसला आणि म्हणाला, "काकाजी, पायलटांच्या संघटनेत नाव टाकू, का चुपचाप आपली नोकरी करू?"

मला विचारायचं कारण एवढंच, की मी अठ्ठावीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो आणि युनियनचं पावतीपुस्तक बरीच वर्षं माझ्याच खिशात असायचं. एअर इंडियाने २०२४ मध्ये अमरावतीजवळ बेलोऱ्याला पायलट प्रशिक्षण संस्था काढायचं जाहीर केलं आहे. आपल्याकडची आणखी पोरं हेच विचारतील, म्हणून लिहून ठेवतो.

पगारासाठी नाव टाकत असशील तर राहू दे, असं मी त्याला आधीच सांगितलं. अमेरिकेत डेल्टा या विमान कंपनीच्या पायलटांना त्यांच्या युनियनने २०२३ च्या करारात चार वर्षांत ३४ टक्के वाढ मिळवून दिली, हे खरं. पण तिथं कंपनीला युनियनशीच बोलावं लागतं. आपल्याकडे त्याच वर्षी एअर इंडियाने नवे करार एकेका पायलटाच्या हाती थेट दिले. दोन्ही जुन्या संघटना सही करू नका म्हणत होत्या, कंपनी म्हणाली तुम्हाला मान्यताच नाही. एकट्याचा पगार वाढतो तो कंपन्यांना कॅप्टन कमी पडले की. तेव्हाही दुसरीकडे लगेच जाता येत नाही, कारण २०१७ च्या नियमानं कॅप्टनला एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस आहे.

संपाचं तर नावच नको. २०१२ मध्ये एअर इंडियाच्या पायलटांचा एक गट ५८ दिवस संपावर होता. भांडण काय, तर नव्या ड्रीमलायनर विमानाचं ट्रेनिंग दुसऱ्या गटाच्या पायलटांना का देता! शंभराच्या आसपास जणांना काढलं, संघटनेची मान्यता गेली, शेवटी दिल्ली उच्च न्यायालयापुढे कामावर यायचं कबूल केलं. आम्हा एसटीवाल्यांना हसायला तोंड नाही म्हणा. २०२१-२२ ला आमची पोरं पाच महिन्यांवर घरी बसली, विलीनीकरण झालंच नाही. आता नव्या कामगार संहितेत संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या लोकांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तरी तो संपच धरतात.

झोपेचं मात्र वेगळं आहे. पोरानं मोबाइलवर रोस्टर दाखवला. पहाटे तीनला गाडी न्यायला येते, दुसऱ्या दिवशी दुपारची ड्युटी, मग पुन्हा रात्र. मुक्कामी गाडीवर मीही रात्री अकराला उतरून पहाटे साडेपाचला घंटी मारली आहे, पण मला डुलकी लागली तर फार तर एखाद्याचं तिकीट फाडायचं राहायचं. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर एक पायलट विमानात चढायच्या आधीच कोसळला आणि गेला. कारण हृदयविकाराचं सांगितलं, पण तेव्हापासून या पोराची माय रोज फोनवर आधी "झोपला होता का रे?" हेच विचारते.

एकटा माणूस थकल्याचा रिपोर्ट भरू शकतो, फारतर एक ड्युटी टळते. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या लँडिंगची संख्या सहावरून दोनवर आणणारे नियम जानेवारी २०२४ मध्ये आले आणि लगेच लांबणीवर पडले. संघटना दिल्ली उच्च न्यायालयात मागे लागल्या, तेव्हा २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये दोन टप्प्यांत ते लागू झाले. डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि रात्रीच्या नियमांत त्यांना तात्पुरती सूट मिळाली. तेव्हाही हरकत घ्यायला संघटनाच उभ्या होत्या. एकट्यानं कोर्टाची पायरी चढायला कोण रिकामं आहे?

दुसरी गोष्ट चौकशीची. एकदा माझ्या हिशेबात चाळीस रुपयांचा फरक आला, चूक माझीच. साहेबांसमोर माझी जीभ टाळूला चिकटली. बाजूला बसलेला युनियनचा माणूस एवढंच म्हणाला, "आधी वेबिल पाहू." बेरीज कुठं चुकली ते सापडलं, दंडावर भागलं. उद्या विमान जरा जोरात टेकलं आणि वरून बोलावणं आलं, तर वकील करता येतो. पण काय लिहायचं आणि काय नाही, हे सांगायला त्याच कॉकपिटमधला म्हातारा माणूस लागतो.

म्हणून माझं मत सांगितलं. प्रोबेशन संपेपर्यंत थांब. मग नाव टाक, पदाधिकारी होऊ नको. पुढं कॅप्टन होऊन व्यवस्थापनात जायचा विचार असेल, तर वर्गणीचे पैसे वाचव.

प्रोबेशन त्याचं आधीच संपलं होतं. मागच्या आठवड्यात त्यानं व्हॉट्सअॅपवर वर्गणीच्या पावतीचा फोटो पाठवला. मी मोठा करून पाहिला आणि लगेच फोन लावला, "अरे बापू, यावर पावती नंबर कुठं आहे?"