मिनिटमेनचा 'डबल निकल्स ऑन द डाइम': घ्यायचा तर एलपीच

मिनिटमेन हे कॅलिफोर्नियातल्या सॅन पेद्रो या बंदराच्या गावातलं पंक रॉक त्रिकूट. गिटार आणि गाणं डी. बूनचं, बेस माइक वॉटचा, ड्रम्स जॉर्ज हर्लीचे. 1980 साली सुरुवात झाली आणि 22 डिसेंबर 1985 ला ॲरिझोनात व्हॅनच्या अपघातात 27 वर्षांचा बून गेला, तिथेच बँड संपला. जुलै 1984 मध्ये एसएसटी या रेकॉर्ड कंपनीकडून निघालेला हा दुहेरी, म्हणजे दोन तबकड्यांचा अल्बम त्यांचं सगळ्यात मोठं काम आहे.

चाळीसहून जास्त गाणी, त्यातली बहुतेक दोन मिनिटांच्या आतली. हस्कर डू या दुसऱ्या पंक बँडचा दुहेरी अल्बम ऐकून यांनी आपल्या एका अल्बमपुरत्या तयार ध्वनिमुद्रणात आणखी गाण्यांची भर घातली. मिक्सिंग एका रात्रीत उरकलं आणि सगळा खर्च 1,100 डॉलरच्या आसपास आला. त्यामुळे गुळगुळीत आवाजाची अपेक्षा ठेवू नका. वाद्यं मात्र एकूण एक सुटी ऐकू येतात, आणि त्यामागे विचार आहे. बून ॲम्प्लिफायरवर आपल्या गिटारचा ट्रेबल (वरचे सूर) चढवून बेस (खालचे सूर) उतरवायचा. खालची सगळी जागा वॉटला मोकळी मिळायची, मधून हर्लीचे ड्रम्स स्पष्ट यायचे. गिटारने बाकीच्यांना दाबायचं नाही, तिघांचा वाटा सारखा, ही त्यांची राजकीय भूमिकाच होती. घोषणा देणारे पंक बँड पुष्कळ झाले; समतेचा विचार थेट वाद्यांच्या मांडणीत उतरवणारे फार थोडे.

शब्दांतही राजकारण आहेच. 'व्हिएतनाम' मेलेल्यांचे आकडे मांडतं, 'अनटायटल्ड साँग फॉर लॅटिन अमेरिका' मध्य अमेरिकेतल्या अमेरिकी हस्तक्षेपावर आहे. 'कोरोना' मात्र थांबून ऐका. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर चार पैशांसाठी बिअरच्या रिकाम्या बाटल्या गोळा करणारी बाई, एवढाच विषय. पण गिटारची ती ठुमकती सुरावट आणि त्याखालचं दुःख मनातून जात नाही. 'टेक फाइव्ह, डी.'चे शब्द तर घरमालकिणीच्या चिठ्ठीतून उचललेत: न्हाणीघरातला शॉवर गळतो, वापरू नका!

आता कोणती आवृत्ती घ्यायची ते. एलपीच्या चार बाजूंपैकी तीन एकेका वादकाच्या. तिघांनी आळीपाळीने आपापली गाणी निवडली. उरलेल्या गाण्यांची चौथी बाजू, तिचं नाव 'चाफ', म्हणजे पाखडून राहिलेलं फोलपट. वादकांच्या तिन्ही बाजू मोटारीच्या इंजिनाच्या आवाजाने सुरू होतात. सगळं एका सीडीत बसवण्यासाठी काही गाणी गाळली गेली, आणि बाजूंची ही रचनाही सीडीवर हरवते. फाइल किंवा सीडी घेताना यादीत 'एन्ट टॉकिन बाउट लव्ह' (मूळ व्हॅन हेलन या रॉक बँडचं, इथे मिनिटमेनने वाजवलेलं) आहे का, हे आधी तपासा. नसेल तर ती प्रत अपुरी आहे.

उणं म्हणाल तर चौथी बाजू खरंच विस्कळीत आहे, आणि बूनचं ओरडून गाणं पहिल्या ऐकण्यात नीट कळत नाही. शब्द समोर ठेवूनच ऐका.

सगळी गाणी एका बैठकीत ऐकू नका. विसाव्या गाण्यानंतर कान थकतात आणि चांगली गाणी तशीच निसटतात. एका वेळी एकच बाजू, ठरलेल्या क्रमाने, शफल बंद करून. सुरुवात दुसऱ्या, म्हणजे माइकच्या बाजूने करा: 'कोरोना' आणि दोन मित्रांच्या मैत्रीवरचं 'हिस्टरी लेसन पार्ट टू' तिच्यातच आहेत. आणि फोनच्या स्पीकरवर अजिबात नको. त्यात वॉटचा बेस पार गायब होतो आणि उरते ती नुसती बूनची टोकदार गिटार. साधे पण कानावर नीट बसणारे हेडफोनही पुरतात.